थांब्या

नवा गेम येणार असला की पहिला ट्रेलर मन्या टाकतो. नाशिकला बसून त्याला या बातम्या आमच्याआधी कशा कळतात, देव जाणे. ट्रेलरखाली आगीचे तीन लोळ आणि 'चौघांना खेळता येतो रे!' अशी आरोळी. पाच मिनिटांत सिंगापूरहून सुश्याचा अंगठा येतो. मी लिहितो, 'घेऊ या.' मग वर 'टायपिंग' अशी अक्षरं उमटतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. चहा होतो, चहाची भांडी विसळून होतात, तरी टायपिंग चालूच. आम्ही तिघंही मनातल्या मनात ओळखतो की आपले पैसे वाचले. शेवटी जो मजकूर अवतरतो तो 'आणखी वाचा' दोनदा दाबल्याशिवाय संपत नाही. पण सुरुवात ठरलेली. 'थांब. आत्ताच घेऊ नकोस.'

म्हणून तो थांब्या. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तसं चांगलं आहे, पण ते आता आधारकार्डावर आणि ऑफिसच्या गळ्यातल्या पट्टीवर तेवढं उरलंय. कोथरूडला घर, हिंजवडीला नोकरी, वय चाळिशीच्या उंबऱ्यावर. एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये चोर शिरू नयेत म्हणून तो पगार घेतो. त्यामुळे संशय हा त्याचा स्वभाव की पोटापाण्याचा धंदा, हे आता त्यालाही सांगता येणार नाही. आम्हा चौघांत सगळ्यांत दणकट संगणक त्याच्याकडे आहे. त्यातलं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी त्याने पावणेदोन वर्षं अभ्यास केला, आणि अभ्यास पुरा झाला तेव्हा पुढच्या पिढीचं कार्ड बाजारात आलं होतं, म्हणून मग त्याचा अभ्यास. असं करत एकदाचं घेतलं. त्या कार्डावर तो मुख्यतः दुसऱ्यांना गेम खेळताना बघतो.

आता हा माणूस कंजूष असेल असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नाही. हॉटेलात बिल द्यायला तोच पुढे असतो. गेमची नावड आहे म्हणावं, तर जगात कुठे कोणत्या बंदुकीची ताकद परवाच्या अपडेटमध्ये किती टक्क्यांनी घटवली, हे त्याला पाठ. आणि तो जन्मजात असा होता असंही नाही. आम्ही इंजिनिअरिंगला होतो तेव्हा कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत तासाला वीस रुपये घेणारा सायबर कॅफे होता. तिथे काउंटर-स्ट्राइक १.६, तिथे डस्ट-टूचा तो पिवळा धुळकट नकाशा, आणि ज्या माऊसमधला गोळा नीट फिरतो ते मशीन पटकावण्यासाठी दारातच धक्काबुक्की. 'हा गेम खेळण्याच्या लायकीचा आहे का?' असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. मालकाने मशीनवर टाकला तो गेम. थांब्याही तेव्हा थांबत नसे. नकाशातल्या 'बी'वर सगळ्यांच्या आधी धावत जायचा आणि सगळ्यांच्या आधी मरायचा. घड्याळ चालू आहे आणि खिशात चाळीस रुपये आहेत, अशा अवस्थेत माणसाला चिकित्सा सुचत नाही. तिला जरा सुबत्ता लागते.

सुबत्ता आली आणि वेळ गेला. आता आमच्याकडे आठवड्याचे दोन-तीन तास आहेत. शुक्रवारी रात्री दहानंतर, पोरं झोपली की. आपले दहा म्हणजे सुश्याचे साडेबारा, त्यामुळे तो पहिल्या जांभईपासूनच सुरुवात करतो. डिस्कॉर्डवर चौघं जमतो आणि मग प्रश्न येतो, खेळायचं काय? इथे थांब्याचा अधिकार सुरू होतो. त्याचं म्हणणं असं, की एकट्याने खेळायचा गेम हा आपापला मामला आहे. आज घ्या, दहा वर्षांनी खेळा, कुणाच्या बापाचं काय जातंय? पण चौघांचा गेम चौघांनी एकदम घ्यावा लागतो, आणि समोर खेळणारे लाखभर परके लोकही टिकून राहावे लागतात. "पुस्तक वाचायला लेखक जिवंत असायची गरज नसते," तो म्हणतो, "पण या गेमांना बाकीचे वाचक जिवंत लागतात." हे तो इतक्या गंभीरपणे सांगतो की आपण नुसतं खरेदीचं बटण दाबणार नसून कुणाची तरी जबाबदारी पत्करणार आहोत, असं वाटून बोट आपोआप मागे येतं. आणि खरं सांगायचं तर मुद्दा खोटा नाही. गेमचे पैसे जाण्यापेक्षा शुक्रवार जातो, ते जास्त लागतं.

हा मुद्दा ठसवायला त्याला देवाने एक दृष्टांतही दिला. सोनीचा 'कॉन्कॉर्ड'. पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा खेळ, वर्षानुवर्षं खपून केलेला, किंमत चाळीस डॉलर. २३ ऑगस्ट २०२४ला तो बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद करून सोनीने लोकांचे पैसे परत दिले. आपला पितृपंधरवडासुद्धा याहून जास्त चालतो. स्टीमवर एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं खेळत होती, तर सहाशे सत्त्याण्णव. साऱ्या जगातून! मन्याने जुलैतच त्याचा ट्रेलर टाकला होता आणि थांब्याने नेहमीचंच उत्तर दिलं होतं. ज्या दिवशी बंद झाल्याची बातमी आली, त्या दिवशी त्याने पेढे वाटले नाहीत इतकंच. तेव्हापासून कोणत्याही वादात तो दोनच शब्द टाकतो, "कॉन्कॉर्ड आठव," आणि समोरच्याचा जोर ओसरतो.

सुश्या वकिलाच्या घरातला असल्याने उलटतपासणी सोडत नाही. त्याने एकदा 'नो मॅन्स स्काय' पुढे केला. २०१६ला आला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, आणि आज बघ, कसला सुंदर गेम झालाय. थांब्या म्हणाला, "बरोबर. धड एकत्र खेळायची सोय कधी आली त्यात? २०१८ला. म्हणजे दोन वर्षं थांबणारा शहाणा." सुश्याने 'अमंग अस' काढला. थांब्या म्हणाला, "आला २०१८ला, गाजला २०२०ला. आधी घेऊन काय करणार होतास, भिंतीशी खेळणार होतास?" मग सुश्याने ब्रह्मास्त्र म्हणून 'फायनल फँटसी चौदा' काढला. २०१०ला तो इतका फसला की कंपनीने दोन वर्षांनी त्या गेमच्या जगावर चक्क एक चंद्र पाडून सगळं संपवलं आणि २०१३ला नव्याने उभा करून दाखवला. असा जीव तोडून काम करणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही का? थांब्या शांतपणे म्हणाला, "ठेवायचा ना. चंद्र पडून गेल्यावर." गेम बुडाला तरी साक्ष थांब्याच्या बाजूने, आणि बुडून वर आला तर दुप्पट जोराने त्याच्याच बाजूने. असा खटला कोण जिंकणार?

एकाच गेमबद्दल त्याला मनापासून आदर आहे. 'स्टार सिटिझन'. अंतराळातल्या या गेमसाठी लोकांकडून पैसे गोळा करायला २०१२ साली सुरुवात झाली. त्यानंतर इथे किती सरकारं आली नि गेली. कोट्यवधी डॉलर जमले, लोक आत हिंडू-फिरूही लागले, पण पूर्ण झालेला असा तो गेम काही अजून बाहेर आलेला नाही. मन्या त्याची टिंगल करतो. थांब्या मात्र हात जोडायचे तेवढे बाकी ठेवतो. "ते घाई करत नाहीत," असं तो म्हणतो, आणि त्याच्या आवाजात शिष्याला गुरू सापडल्याचा गहिवर असतो.

आंब्याच्या बाबतीतही त्याचं असंच आहे. एकदा मी त्याच्याबरोबर मार्केट यार्डात गेलो होतो. मार्च संपत आला होता. पेटीतलं एक फळ त्याने देठाशी हुंगलं, बोटाने हलकेच दाबलं, आडत्याला गाव विचारलं, बाग विचारली, आणि म्हणाला, "अजून कोवळा आहे. शिवाय भाव बघ." एप्रिलमध्ये, "अक्षय्य तृतीया होऊ दे, उतरेल." अक्षय्य तृतीयेनंतर, "आता आवक वाढणारच, आठवडाभर धीर धर." आणि मेअखेरीस वळवाचे चार थेंब पडले की, "आता काय खायचा? पाणी लागलं त्याला." त्यांच्या घरात आंबा येतो तो वहिनी परस्पर आणतात म्हणून. तोही तो आवडीने खातो, सालीसकट चोखतो. पण चोखता चोखता, "दोन दिवस थांबली असतीस ना..." हे येतंच. त्याच्या लेखी गेमलाही दोनच अवस्था असतात, 'अजून कच्चा आहे' आणि 'आता कोण खेळतंय?' या दोहोंच्या मध्ये एखादा दिवस असा असणारच ज्या दिवशी गेम खेळण्याजोगा असतो. तो दिवस कोणत्या वारी येतो, याचा आम्ही अजून तपास करतोय.

एकदा तो दिवस त्याला सापडल्यासारखा झाला होता. पबजी. २०१८ला सगळा देश चिकन डिनरच्या मागे लागला होता. रिक्षा स्टँडवर, वसतिगृहात, लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या शेजारी, पोरं फोन आडवा धरून बसलेली. थांब्या अभ्यास करत होता. फोन तापतो का, बॅटरी किती जाते, पहिल्या सामन्यांत समोर माणसं असतात की बॉट, सगळं त्याने तपासलं. टाळेबंदीत आम्ही फारच गळ घातली तेव्हा ऑगस्ट २०२०च्या शेवटच्या आठवड्यात त्याने गेम डाउनलोडला लावला आणि हौसेने हंगामाचा पासही विकत घेतला. २ सप्टेंबरला सरकारने एकशे अठरा ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी. ज्यांच्या फोनवर आधीपासून होता त्यांचा ऑक्टोबरअखेरपर्यंत चालला; ३० तारखेला सर्व्हरच बंद झाले. ते दोन महिने थांब्या असा काही खेळला की विचारू नका. मग २०२१च्या जुलैत बीजीएमआय या नावाने त्याचा भारतीय अवतार आला. आम्ही विचारलं, "आता?" तो म्हणाला, "यालाही काढतील." २०२२च्या जुलैत खरोखरच स्टोअरवरून काढला. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी विसरू शकत नाही. पुढच्या मे महिन्यात तो परतही आला, पण त्याची चर्चा आमच्यात होत नाही. ज्योतिषाची खरी ठरलेली भाकितंच सांगायची असतात.

फुकट गेमांचं प्रकरण तो दोन मिनिटांत निकालात काढतो. "फुकट गेम सगळ्यांत महाग," हा त्याचा सिद्धांत. 'व्हॅलोरंट'चा सर्व्हर मुंबईत, पुण्यातून पिंग दहा-पंधराच्या आत, आणखी काय पाहिजे? पण त्याचा फसवणूक पकडणारा रखवालदार संगणक सुरू होतानाच जागा होऊन थेट कर्नेलमध्ये जाऊन बसतो, म्हटल्यावर थांब्याने पाट्या लिहायला घेणाऱ्या पुणेरी घरमालकाचा आवाज काढला. "माझ्या घरात मी यायच्या आधी हा कोण?" विषय संपला.

'इंडस'च्या वेळी मात्र त्याची खरी कोंडी झाली. हा पुण्याचाच गेम. सुपरगेमिंग नावाची पुण्यातली कंपनी. २०२२ला जाहीर झाला, लोकांनी कोटीवर आगाऊ नावं नोंदवली, आणि १६ ऑक्टोबर २०२४ला फोनवर आला. भारतीय वळणाचा भविष्यकाळ, आणि शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेतली की बाकीचे जिवंत असले तरी तुम्ही जिंकता. मन्या म्हणाला, "पुण्यातल्या पोरांनी केलाय, आता तरी घे!" थांब्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पुण्यातल्या लोकांनी केलाय म्हणजे विचार करूनच केला असणार. त्यांनी दोन वर्षं विचार केला, मग मी दोन महिने करू नको?" नाव मात्र त्याने पहिल्याच दिवशी नोंदवलं होतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. नावनोंदणीला पैसे पडत नाहीत आणि नंतर थांबायलाही मोकळीक राहते; असा दुर्मीळ योग तो सोडत नाही.

पण थांब्या काहीच विकत घेत नाही, असं म्हटलं तर अन्याय होईल. घेतो की. फक्त परत करतो. स्टीमचा नियम आहे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. हा नियम वाचला त्या दिवशी थांब्याला आपल्यासाठी कुणीतरी घर बांधून ठेवलंय असं वाटलं असावं. त्याचे ते दोन तास मी शेजारी बसून पाहिले आहेत. गेम सुरू होतो आणि आधी 'शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी सरकत राहते. ती पंधरा मिनिटं दोन तासांतच धरतात, म्हणून त्याची चिडचिड. मग तो सेटिंगमध्ये शिरतो. माऊसची संवेदनशीलता त्याला दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत लागते. दृश्याची रुंदी नव्वद ठेवावी की एकशे तीन, यावर तो एका भिंतीसमोर उभा राहून डावीकडे-उजवीकडे वळून बघतो. सावल्या कमी, मग मध्यम, मग पुन्हा कमी. गवत बंद. पावलांचा आवाज वाढव, संगीत शून्य. पाऊण तास झाला. मग शिकवणीचा टप्पा. तो म्हणजे, 'पुढे जाण्यासाठी डब्ल्यू दाबा.' वीस वर्षं डब्ल्यू दाबत आलेला हा माणूस तिथेही प्रत्येक सूचना वाचतो. शिकवणी संपते, पहिल्या खऱ्या सामन्यासाठी माणसं शोधली जात असतात, आणि थांब्याच्या फोनचा गजर होतो. एक तास पन्नास मिनिटं. तो हेडफोन काढतो, पाणी पितो आणि पैसे परत मागायचा अर्ज भरतो. कारणाच्या रकान्यात तो नेहमी लिहितो, 'मजा आली नाही.' त्याची मुलगी तिसरीत आहे. ती एकदा दारातून म्हणाली, "बाबा, तुम्ही खेळता कधी?" थांब्या म्हणाला, "झालं ना आत्ता."

लोकांची मतं वाचण्याचीही त्याची पद्धत आहे. चांगली मतं तो वाचतच नाही. ती खूश माणसांनी लिहिलेली असतात, त्यांना काय कळतं? तो थेट वाईट मतांकडे जातो, आणि त्यातही आठशे-हजार तास खेळून ज्याने 'घेऊ नका' असं लिहिलंय, त्याच्या पायाशी बसतो. हजार तास खेळून ज्याला वैराग्य येतं त्याचं वैराग्य आपल्याला एकही तास न खेळता मिळावं, ही त्याची साधना.

आता 'हेलडायव्हर्स टू'. आमच्या इतिहासातलं हे मोठं पर्व. ८ फेब्रुवारी २०२४ला आला. चौघांच्या तुकडीचा खेळ, जणू आमच्यासाठीच शिवलेला. परग्रहावर उतरायचं, डोंगराएवढ्या किड्यांना मारायचं, यान आलं की पळत सुटायचं. थांब्या म्हणाला, "थांब." पहिले काही आठवडे सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की साडेचार लाखांवर माणूस आत घ्यायचा नाही, असं कंपनीला ठरवावं लागलं. "पैसे देऊन रांगेत उभं राहायचं असेल तर रेशनचं दुकान काय वाईट होतं?" असं तो म्हणाला. पण या वेळी आम्ही तिघांनी बंड केलं आणि घेतला. चौथ्या जागेवर कंपनी कुणीतरी अनोळखी माणूस आणून बसवायची. कधी मनिलाचा एखादा पोरगा, कधी एक अक्षर न बोलता सगळे किडे एकटा मारून टाकणारा कुणी महात्मा.

थांब्या दर शुक्रवारी दहाला डिस्कॉर्डवर हजर. मन्या पडदा शेअर करायचा आणि तो बघत बसायचा. पहिल्या आठवड्यात गप्प होता. दुसऱ्या आठवड्यात खाकरला. तिसऱ्या आठवड्यापासून त्याने तुकडीचं नेतृत्व ताब्यात घेतलं. त्या गेममध्ये मदत मागवायची तर बाणांचा क्रम दाबावा लागतो, आणि अंगावर किडे चढलेले असताना तो क्रम हटकून विसरतो. आम्ही मेलो की कानात थांब्याचा आवाज, "वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर! अरे डावीकडे म्हटलं ना! परत!" त्याने गेम एकदाही उघडलेला नाही, आणि पाचशे किलोच्या बॉम्बचा क्रम त्याला झोपेत विचारा. एका रात्री तो महाकाय किडा समोर आला, सुश्या गडबडला, थांब्या ओरडला, "वर, उजवीकडे, खाली, खाली, खाली! फेक!" सुश्याने फेकला. बॉम्ब अचूक पडला. किडा मेला, सुश्या मेला, मी मेलो, मन्या मेला, आणि मनिलाचा पोरगाही मेला. त्या गेममध्ये आपला-परका भेद नाही. क्षणभर सगळे गप्प. मग थांब्या म्हणाला, "फेकून पळायचं असतं हे मी सांगणारच होतो."

मे महिन्यात सोनीने अचानक फर्मान काढलं की प्रत्येकाने सोनीचं खातं जोडलंच पाहिजे. खेळणारे भडकले, स्टीमवर दोन लाखांवर वाईट मतं कोसळली आणि तीन-चार दिवसांत सोनीला फर्मान मागे घ्यावं लागलं. भारतात खातं काढायला काही अडचण नव्हती, आमचं काहीच बिघडणार नव्हतं. पण त्या तीन-चार दिवसांत थांब्याने जो लढा दिला तो आम्ही तिघांनी मिळून किड्यांशी दिला नसेल. रात्री दोन-दोनपर्यंत बातम्या, कायदे, कंपनीच्या अटी. ज्या गेमला त्याने हात लावलेला नाही त्याच्या हक्कांसाठी. वहिनींनी मला फोन केला, "भावजी, यांच्या ऑफिसात काही झालंय का?"

त्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी थांब्या गावाला गेला होता. आम्ही तिघंच होतो. कुणी अडवायला नाही, कुणी क्रम सांगायला नाही. दोन मोहिमा धडाधड जिंकल्या. अकराच्या आत मन्या म्हणाला, "झोप येतेय रे." सुश्या म्हणाला, "हो, मलाही सकाळी लवकर आहे." एरवी रात्री एकपर्यंत चालणारी बैठक तासाभरात उठली. खेळ होता, मजा नव्हती. घ्यावा की घेऊ नये हे भांडायला समोर माणूसच नव्हता. थांब्याला हे आम्ही सांगितलेलं नाही. त्याचा भाव वाढेल.

आणि मग २०२५च्या ऑक्टोबरच्या ३० तारखेला 'आर्क रेडर्स' आला. मन्याने ट्रेलर टाकला, आगीचे लोळ टाकले. सुश्याचा अंगठा. मी लिहिलं, 'घेऊ या.' वर 'टायपिंग' उमटलं आणि अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. एकाच ओळीचं.

'डोळे झाकून घ्या.'

मन्याने मला फोन केला. "अरे, याचं खातं कुणी हॅक केलंय का?" त्या रात्री डिस्कॉर्डवर आम्ही त्याला खोदून खोदून विचारलं. तो ठाम. "मस्त गेम आहे. वर जायचं, सामान गोळा करायचं, यंत्रांपासून आणि माणसांपासून जीव वाचवत खाली परत यायचं. मेलात तर गोळा केलेलं गेलं. लोक एकमेकांना माईकवरून 'मारू नको' म्हणतात आणि कधीकधी खरंच मारत नाहीत. घ्या." सुश्याने संशयाने विचारलं, "पण तुकडी किती जणांची?" थांब्या किंचित थांबला. "तिघांची. जास्तीत जास्त."

म्हणजे चौथ्याला जागाच नाही. चौघांच्या टोळीत तिघांचा गेम! थांब्याला जगातला निर्दोष गेम अखेर सापडला होता.

पण आमची पंचाईत झाली. ज्या गेमला थांब्याने हो म्हटलंय तो घ्यायचा कसा? इतकी वर्षं तपास त्याने करायचा आणि आम्ही शिव्या घालायच्या, अशी वाटणी होती. आता तपास करणार कोण? दोन आठवडे उलटले तरी डिस्कॉर्डवर वाद चालूच. मन्या म्हणाला, "किंमत चाळीस डॉलर आहे. आधी हा फुकट येणार होता, मग मधेच विकत केला. का केला असेल?" मी म्हटलं, "मेलं की सगळं सामान जातं म्हणतोय. आठवड्याचे तीन तास खेळणाऱ्यांनी सामान जमवायचं कधी आणि घालवायचं कधी?" सुश्याने जांभई आवरली आणि तो पिंगबद्दल बोलू लागला. मुंबईला सर्व्हर असला तर मला त्रास, सिंगापूरला असला तर तुम्हाला, आणि कुठे आहे हे नक्की कळल्याशिवाय... मन्याने तोवर आठशे तासांचं एक वाईट मत शोधून काढलं होतं. गेम येऊन दोन आठवडे झाले असताना आठशे तास कुठून आले, हे कुणी विचारलं नाही. हिशेब केला तर त्या माणसाने चोवीस तासांच्या दिवसात सत्तावन्न तास खेळायला हवं होतं.

थांब्या ऐकत होता. बारा वाजले, साडेबारा झाले. त्याच्या श्वासाचा आवाज माईकवर वाढत चालला होता.

"अरे, घ्या ना!" तो एकदम ओरडला. "एक साधा गेम घ्यायला किती विचार करता? आयुष्य काय चर्चा करण्यात घालवणार आहात?"

"थांब रे," सुश्या म्हणाला. "पहिलं मोठं अपडेट तरी येऊ दे."